उकिरड्याचे पांग फेडणारा साहेब

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. म्हण दैवाच्या फेऱ्याबद्दल आहे. उकिरडा त्यात उदाहरणापुरता आला आहे. परंतु एक माणूस असा होऊन गेला की ज्याने उकिरड्याचे पांग खरोखरीच फेडले. शेतातला काडीकचरा, गोठ्यातले शेण, जनावरांच्या मुताने भिजलेली माती आणि चुलीतली राख या चार टाकाऊ वस्तूंना त्याने शास्त्राच्या दरबारात मानाची जागा मिळवून दिली. हे काम त्याने केले ते आपल्या देशात, होळकरांच्या इंदुरात आणि यशवंत वाड या सहकाऱ्याला बरोबर घेऊन. त्या माणसाचे नाव सर अल्बर्ट हॉवर्ड.

आज वाण्याच्या दुकानात तुरीच्या डाळीच्या पिशवीवर सेंद्रिय असा शब्द छापलेला दिसतो. शेजारी एखादी हिरवी खूण असते आणि त्या खुणेपायी गृहिणी किलोमागे बरेच जास्त पैसे मोजते. या खुणेचे मूळ शोधत गेले तर वाट बऱ्याच देशांतून फिरते, पण शेवटी इंदूरच्या एका शेतातल्या खड्ड्यांपाशी येऊन थांबते. चमत्कारिक गोष्ट अशी की, ज्यांच्या विचारांतून हे सगळे उभे राहिले त्या हॉवर्डसाहेबांनी असा शिक्का कधी मागितला नाही. पुढे ज्या संस्थेने इंग्लंडात या शिक्क्याचे नियम लिहिले, त्या संस्थेचे सभासद व्हायलाही त्यांनी नकार दिला होता. असे का झाले, हे त्यांचे आयुष्य पाहिल्यावर कळते.

शेतकऱ्याचा मुलगा

अल्बर्ट हॉवर्ड यांचा जन्म 8 डिसेंबर 1873 रोजी इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यातील बिशप्स कॅसल या गावी झाला. घर शेतकऱ्याचे. मुलगा हुशार निघाला, लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नंतर केंब्रिजला शिकला आणि वरच्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. 1899 मध्ये वेस्ट इंडीज बेटांवर बुरशीरोगतज्ज्ञ म्हणून त्यांची नेमणूक झाली. ऊस आणि कोको यांच्यावर पडणाऱ्या रोगांचा अभ्यास करायचा आणि मळेवाल्यांना सल्ला द्यायचा, असे ते काम होते.

नोकरी चांगली होती, पण एक गोष्ट त्यांना बोचू लागली. प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक होता, काचेच्या नळ्या होत्या. स्वतःची म्हणावी अशी एक गुंठाभर जमीन मात्र नव्हती. जो उपाय आपण कधी करून पाहिला नाही तो दुसऱ्याला सांगायचा, हे शेतकऱ्याच्या मुलाला पटेना. रोगाचा तज्ज्ञ रोग पाहतो, किडीचा तज्ज्ञ कीड पाहतो, मातीचा तज्ज्ञ माती तपासतो. पण उभे पीक कोणीच पाहत नाही, अशी त्यांची खात्री होऊ लागली.

इंग्लंडला परत आल्यावर ते वाय येथील कृषी महाविद्यालयात रुजू झाले. तिथे बिअरसाठी लागणाऱ्या हॉप या वेलीवर त्यांनी काम केले. मळेवाले नराच्या वेली निरुपयोगी म्हणून काढून टाकत असत. हॉवर्ड यांनी दाखवून दिले की परागीभवन झाले तर पीक जोमदार येते. म्हणजे निसर्गाच्या रचनेत माणसाने केलेली छाटछूट अंगाशी येत होती. हा धडा त्यांनी आयुष्यभर विसरू दिला नाही, ना स्वतःला ना इतरांना.

पुशाची शाळा

1905 हे वर्ष त्यांच्या आयुष्यात दोन कारणांनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी हिंदुस्थान सरकारने बिहारमधील पुसा येथे नव्याने उभारलेल्या कृषी संशोधन संस्थेत त्यांची इम्पीरिअल इकॉनॉमिक बॉटॅनिस्ट म्हणून नेमणूक केली. आणि त्याच वर्षी गॅब्रिएल मॅथाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

गॅब्रिएलबाई म्हणजे साहेबाबरोबर आलेल्या नुसत्या मडमसाहेब नव्हत्या. त्या केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात शिकलेल्या, वनस्पतींच्या पानांत प्रकाश आणि उष्णता यांमुळे अन्न कसे तयार होते यावर मान्यता पावलेले संशोधन केलेल्या शास्त्रज्ञ होत्या. सुरुवातीची वर्षे त्यांनी नवऱ्याबरोबर काम केले. सरकारने त्यांना 1910 मध्ये पगारी पद दिले आणि 1913 मध्ये त्या दुसऱ्या इम्पीरिअल इकॉनॉमिक बॉटॅनिस्ट झाल्या. त्या काळात एका स्त्रीला सरकारी शास्त्रज्ञाचे पद मिळणे ही साधी गोष्ट नव्हती. दोघांच्या नावावर संयुक्त लेखांची लांबलचक यादी आहे आणि त्यातला कुठला विचार कोणाचा हे वेगळे काढणे कठीण आहे.

पुशाला हॉवर्ड यांना हवी होती ती गोष्ट मिळाली: सुमारे 75 एकर जमीन आणि ती हवी तशी कसण्याची मोकळीक. आता काय करावे? त्यांनी आजूबाजूच्या शेतकऱ्यांच्या शेतांकडे पाहायला सुरुवात केली. त्या शेतांवर ना औषधाची फवारणी, ना कारखान्यातले खत. तरी पीक बऱ्यापैकी निरोगी. मिश्र पिके, कडधान्यांचा फेर, खोल मुळांची झाडे, शेताच्या बांधबंदिस्तीची समज हे सगळे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते. हॉवर्ड यांनी ठरवले की पुढची काही वर्षे हा शेतकरी आणि शेतावर येणारी कीड हेच आपले प्राध्यापक. कीड किंवा रोग दिसला की त्याला मारायची घाई करायची नाही. तो इथे का आला, मातीत किंवा मशागतीत काय चुकले, ते त्याच्याकडूनच शिकून घ्यायचे. राजधानीहून आलेल्या साहेबाने धोतर नेसलेल्या कुळवाड्याला गुरू करावे, हे त्या काळच्या साहेबी रिवाजात बसणारे नव्हते.

बैलांच्या बाबतीतही त्यांनी असाच प्रयोग केला. आपल्या देखरेखीखाली असलेल्या बैलांना त्यांनी निरोगी जमिनीतला ताजा चारा, स्वच्छ गोठा आणि भरपूर निगा दिली. शेजारच्या जनावरांत लाळ्या-खुरकताची साथ आली तेव्हा कुंपणावरून त्यांचे बैल आजारी जनावरांशी नाक घासताना त्यांनी पाहिले, तरीही बैल आजारी पडले नाहीत. एवढ्या निरीक्षणावरून साथीच्या रोगाबद्दल नियम बांधता येणार नाही, असे आजचा पशुवैद्य म्हणेल आणि ते बरोबरच आहे. परंतु हॉवर्ड यांच्या मनात त्या दिवसापासून एक सूत्र पक्के झाले: माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य ही एकच साखळी आहे.

पुशाच्या वर्षांतले त्यांचे सर्वांत गाजलेले काम गव्हाचे. पुसा 4, पुसा 12 यांसारखे त्यांनी निवडलेले गहू लाखो एकरांत पेरले गेले. उन्हाळ्यात हे जोडपे बलुचिस्तानातील क्वेट्टा येथे जाई. तिथे त्यांनी फळबागांवर, फळे नीट बांधून दूरच्या बाजारात पाठवण्यावर आणि कमी पाण्यात गहू पिकवण्यावर काम केले. बी कितीही चांगले असले तरी जमीन खालावलेली असेल तर उत्पन्न फार वाढत नाही, हेही याच वर्षांत त्यांच्या ध्यानात आले.

इंदूरचे खड्डे

पुशाला एक अडचण होती. संस्था मोठी होत गेली तशी तिची खाती वाढली. वनस्पतींचे एक खाते, किडींचे दुसरे, बुरशीचे तिसरे, रसायनांचे चौथे. शेणापासून धान्यापर्यंतचा सगळा फेरा एकाच माणसाने अभ्यासायचा म्हटले की दर पावलाला कोणाच्या तरी कुंपणावर पाय पडे. म्हणून हॉवर्ड दांपत्याने स्वतंत्र संस्थेचा ध्यास घेतला. कापसाच्या सुधारणेसाठी नेमलेल्या इंडियन सेंट्रल कॉटन कमिटीने आणि मध्य हिंदुस्थानातील संस्थानांनी पैसा दिला, इंदूर दरबारने सुमारे 300 एकर जमीन दिली आणि 1924 मध्ये इंदूरची इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री उभी राहिली. हॉवर्ड तिचे पहिले संचालक झाले. 1926 मध्ये मुंबईला भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे आले.

माळव्याची काळी जमीन, म्हणजे आपल्या वऱ्हाडाची मावसबहीणच. पावसात चिकटते, उन्हाळ्यात भेगाळते. पीक कापसाचे, तुरीचे, ज्वारीचे. या जमिनीला खत पाहिजे, पण द्यायचे कुठून? शेणाच्या निम्म्याहून अधिक गोवऱ्या होऊन चुलीत जात. कारखान्यातले खत शेतकऱ्याला परवडणारे नव्हते आणि ते जमिनीचा पोत सुधारत नाही असे हॉवर्ड यांचे मत होते. चीनमधले शेतकरी टाकाऊ वस्तू साठवून, कुजवून चार हजार वर्षे जमीन राखून आहेत, हे अमेरिकन शास्त्रज्ञ एफ. एच. किंग यांच्या 1911 मधील पुस्तकातून त्यांना ठाऊक होते. प्रश्न होता तो हे काम नेमके, मोजून-मापून आणि कोणाही शेतकऱ्याला जमेल असे कसे करावे हा.

इथे यशवंत वाड यांचा वाटा येतो. रसायनशास्त्राची बाजू वाड यांनी सांभाळली. ओला आणि वाळला पाला, पिकांचे अवशेष, शेण, गोठ्यातली मूत्र शोषलेली माती आणि राख यांचे थर एकावर एक रचायचे. वर पाणी शिंपडायचे. आधीच्या कुजलेल्या खड्ड्यातला थोडा माल विरजणासारखा मिसळायचा आणि ठरावीक दिवसांनी सगळे वरखाली करायचे. खड्डे 30 फूट लांब, 14 फूट रुंद आणि फक्त 2 फूट खोल, कारण खोल गेले की हवा मिळत नाही आणि माल कुजण्याऐवजी सडतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साचते म्हणून ढीग जमिनीवर रचायचे. पहिल्या काही दिवसांत ढीग आतून चांगलाच तापतो, आधी बुरशी आणि मग जिवाणू आपले काम करतात आणि साधारण तीन महिन्यांत काळेभोर, भुसभुशीत, दुर्गंधी नसलेले खत हाती येते.

कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या लवकर कुजत नाहीत. त्यावर त्यांनी काढलेला उपाय खास देशी होता. पऱ्हाट्या शेतावरच्या गाडीवाटेवर पसरून ठेवायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा आपोआप चुरा होतो आणि मग तो गोठ्यात अंथरायचा. या सगळ्यात विकत आणण्याची एकही वस्तू नव्हती, लागत होती ती मेहनत आणि शिस्त. संस्थेतल्या मजुरांना ठरलेल्या दिवशी मजुरी, मर्यादित तासांचे काम आणि औषधोपचार मिळावेत याकडेही या दांपत्याचे लक्ष असे.

शेतातल्या टाकाऊ वस्तूंवरचे हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाचे इंग्रजी पुस्तक 1931 मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंदूर पद्धत हे नाव जगभर गेले. केनियातील कॉफीचे मळे, आसाम-बंगालमधील चहाचे मळे अशा ठिकाणी ती वापरली जाऊ लागली. 1935 मध्ये महात्मा गांधी इंदूरला आले असता त्यांनी या संस्थेला भेट देऊन खताची ही पद्धत पाहिली.

पुस्तक निघाले तेव्हा गॅब्रिएलबाई ते पाहायला नव्हत्या. 1930 मध्ये जिनिव्हा येथे त्यांचे निधन झाले होते. पंचवीस वर्षांची सोबत तुटली. 1931 मध्ये हॉवर्ड निवृत्त होऊन इंग्लंडला परतले. त्याच वर्षी त्यांनी गॅब्रिएलबाईंच्या बहिणीशी, लुईझ यांच्याशी विवाह केला. 1934 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपात पुशाची मूळ इमारत उद्ध्वस्त झाली; ती संस्था 1936 मध्ये दिल्लीला गेली आणि तिथेही पुसा हेच नाव घेऊन बसली.

भांडखोर म्हातारा

निवृत्तीनंतर लोक गुलाब लावतात. हॉवर्ड यांनी भांडण लावले. 1940 मध्ये त्यांचे ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट हे पुस्तक आले. त्याचा सारांश एका वाक्यात सांगता येतो: जमिनीतून जे घेतले ते जमिनीला परत केले पाहिजे. याला ते परतफेडीचा नियम म्हणत. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या काळापासून, म्हणजे 1840 पासून, शेती म्हणजे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचा जमाखर्च असे मानले गेले. पहिल्या महायुद्धानंतर दारूगोळ्याच्या कारखान्यांत नत्रखते बनू लागली आणि तो जमाखर्च अधिकच सोपा झाला. हॉवर्ड म्हणत होते की माती ही तिजोरी नव्हे, ते एक जिवंत प्रकरण आहे.

त्यांचे सगळेच म्हणणे काळाच्या कसोटीला उतरले असे नाही. कुजलेले खत दिले की पिकावर रोग पडतच नाही, हे खरे ठरले नाही. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथील शेतात 1843 पासून काही तुकड्यांवर केवळ रासायनिक खतावर गहू घेतला जातो आणि तो अजून पिकतो आहे. पण जमिनीतला सेंद्रिय अंश कमी झाला की पाणी धरून ठेवण्याची ताकद जाते, माती वाहून जाते, खताची मात्रा वाढवावी लागते, हे आज कुठलेही कृषी विद्यापीठ सांगेल. ते जेव्हा कोणी ऐकत नव्हते तेव्हा हॉवर्ड यांनी सांगितले आणि शास्त्रज्ञ मित्रांचा रोष पत्करला.

शिक्का कसा आला

त्याच सुमारास इतरही वाटा फुटत होत्या. रुडॉल्फ स्टायनर यांनी 1924 मध्ये शेतीवर व्याख्याने दिली आणि त्यांच्या अनुयायांनी 1928 मध्ये डीमीटर हे चिन्ह सुरू केले. अशा प्रकारच्या शेतमालावरचे ते पहिले चिन्ह. अमेरिकेत जे. आय. रोडेल या प्रकाशकाने हॉवर्ड यांचे लेखन वाचून 1942 मध्ये सेंद्रिय शेतीचे मासिक काढले. इंग्लंडात लेडी ईव्ह बाल्फर यांनी 1943 मध्ये जिवंत मातीवरचे पुस्तक लिहिले आणि 1946 मध्ये सॉइल असोसिएशन ही संस्था स्थापन झाली.

सगळ्यांना वाटले, हॉवर्ड या संस्थेचे अध्वर्यू होतील. त्यांनी नकार दिला. शेताचे छोटे तुकडे पाडून आकड्यांची तुलना करणाऱ्या प्रयोगांवर आणि समित्यांच्या कारभारावर त्यांचा विश्वास नव्हता. शेत पाहावे, पीक पाहावे, जनावर पाहावे आणि समजावे, हा त्यांचा खाक्या. 20 ऑक्टोबर 1947 रोजी त्यांचे निधन झाले. भारत स्वतंत्र होऊन दोन महिने झाले होते. लुईझबाईंनी त्यांच्या नावाने एक प्रतिष्ठान काढले आणि 1953 मध्ये ते सॉइल असोसिएशनमध्येच विलीन झाले. नवऱ्याने ज्या दारातून आत जायचे नाकारले, त्या दारातून त्यांचा वारसा आत गेला.

सॉइल असोसिएशनने 1967 मध्ये सेंद्रिय शेतीचे पहिले लेखी नियम केले आणि 1973 मध्ये प्रमाणपत्र देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियातल्या शेतकऱ्यांनीही एकत्र येऊन आपली प्रमाणन संस्था काढली. 1990 मध्ये अमेरिकेने कायदा केला, 1991 मध्ये युरोपने नियमावली आणली. याचे कारण साधे आहे. शेजारच्या गावचा भाजीवाला ओळखीचा असतो, तोवर कागदाची गरज नसते. पण डाळ विदर्भात पिकते, दुसऱ्या जिल्ह्यात भरडली जाते, तिसऱ्या शहरात पिशवीत भरली जाते आणि चौथ्या देशात शिजते, तेव्हा विश्वास कोणावर ठेवायचा? सेंद्रिय दाणा आणि दुसरा दाणा डोळ्यांनी ओळखू येत नाही.

म्हणून प्रमाणपत्र मिळते ते दाण्याला नव्हे, दाणा पिकवण्याच्या पद्धतीला. प्रयोगशाळेत नमुना तपासला जातो, पण ती पुरवणी परीक्षा. मुख्य परीक्षा शेतावर. बी कुठले, खत कुठले, शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने इकडे येऊ नये म्हणून मध्ये पट्टा सोडला आहे का, याची नोंदवही पाहिली जाते. आपल्या देशात हंगामी पिकासाठी साधारण दोन वर्षे आणि फळबागेसाठी तीन वर्षे रूपांतराचा काळ पाळावा लागतो. पुढे गिरणीवाला, पिशव्या भरणारा आणि निर्यातदार यांनाही आपापला हिशेब दाखवावा लागतो. दहा क्विंटल सेंद्रिय तूर आत आली तर बारा क्विंटल सेंद्रिय डाळ बाहेर जाता कामा नये. दाण्यापेक्षा पद्धत महत्त्वाची, हा मुद्दा हॉवर्ड यांनाही पटला असता. मात्र त्यांनी लगेच विचारले असते की या वहीत काय घातले नाही याची एवढी पाने आहेत. जमिनीला परत काय दिले त्याची किती?

इंदूरच्या आसपास, आज

भारत सरकारने 2001 मध्ये सेंद्रिय उत्पादनाचा राष्ट्रीय कार्यक्रम लागू केला. तो मुख्यतः निर्यातीसाठी होता. 2011 मध्ये शेतकऱ्यांच्या गटांनी एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी द्यायची, अशी दुसरी पद्धत आली. 2017 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने नियम करून जैविक भारत ही खूण आणली. ग्राहकाला थेट माल विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्राच्या सक्तीतून त्यात सूट आहे, पण मग ती खूणही त्याला वापरता येत नाही.

या सगळ्यात खरी पंचाईत होते ती दोन-चार एकरवाल्याची. तपासनिसाची फी, नोंदी, रूपांतराच्या काळात घटलेले उत्पन्न आणि त्या काळात न मिळणारा जास्तीचा भाव. एकट्याला हे झेपत नाही. म्हणून गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे. पण गट कोण चालवतो, वह्या कोण भरतो आणि प्रमाणपत्र कोणाच्या कपाटात राहते, यावर सगळे ठरते. पुष्कळदा ते माल उचलणाऱ्याच्या हाती असते. मग शेतकऱ्याला दुसऱ्या कोणाला माल विकता येत नाही आणि आपण सेंद्रिय आहोत हे सिद्धही करता येत नाही. कागदाची पकड ढिली झाली तर त्याचा फटकाही त्यालाच बसतो. 2021 मध्ये अमेरिकेने भारताच्या प्रमाणन व्यवस्थेला दिलेली मान्यता काढून घेतली, तेव्हा प्रामाणिक शेतकऱ्यांनाही पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागले.

हॉवर्ड यांचे पीक कापूस. आज मध्य प्रदेशाचा माळवा-निमाड भाग सेंद्रिय कापसासाठी ओळखला जातो, म्हणजे त्यांच्याच खड्ड्यांचा परिसर. पण सेंद्रियात जनुकीय बदल केलेले बियाणे चालत नाही आणि 2002 मध्ये बीटी कापूस आल्यापासून देशातले बहुतेक कापूसक्षेत्र त्याने व्यापले आहे. साधे, चांगले देशी किंवा सुधारित बियाणे मिळवणे हेच शेतकऱ्यासमोरचे पहिले संकट झाले आहे. नियम कितीही कडक केला तरी बियाणे नियमातून उगवत नाही. त्यासाठी हॉवर्ड दांपत्यासारखी शेतात उभी राहून वाण निवडणारी माणसे लागतात.

मग शिक्क्याला काही अर्थ नाही का? आहे. अनोळखी माणसांच्या बाजारात फसवणुकीला आळा घालायला दुसरे साधन नाही आणि नियमांच्या धाकाने कितीतरी शेते विषारी फवाऱ्यांपासून वाचली आहेत. शेतकऱ्यांनी एकमेकांची शेते पाहून हमी देण्याची पद्धत तर हॉवर्ड यांच्या वळणाची आहे. पुशाला त्यांनी शेतकऱ्यालाच परीक्षक मानले होते. तिला बाजारात आणि सरकारदरबारी अधिक वजन मिळाले तर लहान शेतकऱ्याचे ओझे हलके होईल. पिशवीवरची खूण पाहणाऱ्या गृहिणीनेही एक प्रश्न जास्त विचारायला हरकत नाही: हा माल कुठल्या गटाचा, कुठल्या गावचा? हा प्रश्न वारंवार आला की दुकानदार तो पुढे विचारतो आणि तो फिरत फिरत शेतापर्यंत पोहोचतो.

हॉवर्ड यांच्या परतफेडीच्या नियमात शहरालाही वाटा होता. गावाने धान्य पाठवायचे आणि शहराने त्याचा कचरा समुद्रात किंवा खड्ड्यात फेकायचा, हा व्यवहार त्यांना तुटीचा वाटे. इंदूर शहर 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येत गेले. तिथे घरोघरचा ओला कचरा वेगळा घेतला जातो आणि त्याचे खत व गॅस होतो. ज्या गावात पऱ्हाट्या आणि शेण यांचे थर रचून ही विद्या शिस्तीत बसवली गेली, तिथेच भाजीच्या देठांना पुन्हा शेताची वाट मिळाली. आपल्या गावीही घराघरातून हे करता येते. त्यासाठी कुणाचे प्रमाणपत्र लागत नाही. ओल्या कचऱ्याची बादली वेगळी ठेवायची, एवढेच.